खुणेचं लाकूड

आमच्या घराचं पुढचं दार घरापेक्षा जुनं आहे. घर बांधलं माझ्या आजेसासऱ्यांनी. दार त्यांच्या वडिलांच्या घराचं. ते घर जिथे होतं तिथे आता मुळशीचा तलाव आहे. मुळा आणि निळा या नद्यांचं खोरं टाटांच्या वीजप्रकल्पासाठी पाण्याखाली जाणार हे ठरलं, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर ते संकट आलं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यामुळे. लढा तीनेक वर्षं चालला आणि हरला. धरण पुरं झालं, पाणी चढलं, गावं गेली.

या इतिहासात मला नेहमी एकच गोष्ट शोधावीशी वाटते. घर सोडताना माणसांनी काय काय उचललं? आमच्या घरापुरतं उत्तर मला माहीत आहे. एक दार, दोन तुळया आणि जातं. भिंती तिथेच राहिल्या, कारण त्या कारवीच्या कुडाच्या आणि शेणमातीच्या होत्या. कारवी डोंगरावर हवी तेवढी, तसल्या भिंती कुठेही पुन्हा उभ्या करता आल्या असत्या. उखळ जमिनीत पुरलेलं होतं, ते निघालं नाही. पण बारा हात लांबीची सरळ सागाची तुळई दुसरी मिळणार नव्हती. ती माणसांनी खांद्यावर घेऊन चढणीनं वर आणली.

दाराला नक्षी नाही. गणेशपट्टी, कमळं, पानाफुलांच्या वेली, असलं काही नाही. दोन जाड फळ्या, मागे आडव्या पट्ट्या, आतून लावायचा अडसर. बिजागरीसुद्धा नाही. फळीच्याच एका कडेला वर-खाली गोल खुंट ठेवलेले, आणि खालचा खुंट उंबऱ्याजवळच्या दगडाच्या खळग्यात फिरतो. पावसाळ्याआधी त्या खळग्यात चमचाभर तेल सोडायचं. बाकी त्याची काही मागणी नसते. कडीच्या आसपासचं लाकूड हातांनी झिजून खोलगट झालं आहे. त्या खोलगटपणात हात बरोबर बसतो. लहानांचाही आणि मोठ्यांचाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी माहेरच्या वस्तू आणल्या नव्हत्या. त्या आल्या बऱ्याच वर्षांनी, शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायला निघाला तेव्हा. आम्ही तिथले भाडेकरू. पुण्यातल्या वाड्यांचं जे झालं तेच त्याचं झालं. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, भाडेकरू नाममात्र भाड्यात राहत होते, आणि शेवटी बांधकाम व्यावसायिकाचा कागद आला. पाडकामाचा ठेकेदार पहिल्या दिवशी आला तो टेप घेऊन. खांब मोजले, कडीपाटाच्या कड्या मोजल्या, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या. घराची किंमत जागेत होती, पण ठेकेदाराचा नफा लाकडात होता. ते लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात जातं, काही थेट नव्या बंगल्यांवर जातं. आमच्या खोल्यांमधून भावंडांनी आपापल्या सोयीप्रमाणे वस्तू वाटून घेतल्या. माझ्या वाट्याला आजोबांचा छपरी पलंग आला, झोपाळा आला आणि तांब्याचा बंब आला. पलंग कोणालाच नको होता. फ्लॅटमध्ये तो दारातूनच आत जाईना.

या पलंगाच्या चारही पायांवर, गुडघ्याच्या वर, एक काळपट रेघ आहे. पॉलिश कितीही करा, ती जात नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं, तेव्हाची ती रेघ. वाडा उतारावर थोडा वर होता, म्हणून उभा राहिला. आसपासचे कितीतरी बसले. पाणी ओसरल्यावर आजीनं पलंगावरचा चिखल विळीच्या पात्यानं खरवडला, असं आई सांगायची. म्हणजे आमच्या घरात आज एक दार असं आहे की जे धरण भरण्याआधी निघालं, आणि एक पलंग असा की जो धरण फुटल्यावरही राहिला. मी हे दोन्ही रोज झाडते, पुसते. जुन्या वस्तूंबद्दल मला जे काही वाटतं ते या दोघांच्या सोबतीनं वाटू लागलं आहे.

पलंग टेम्पोत सुटा करून आणला होता. घाईत सोडवलेला, कोणी खुणा घातल्या नव्हत्या. आता हा परत जोडायचा कसा, म्हणून पौडजवळच्या एका सुतारकाकांना बोलावलं. काकांनी सगळे तुकडे ओसरीवर ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका कुसवावर अंगठा फिरवत बसले. मला वाटलं, किडलंय का बघताहेत. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. कुसवाच्या मुळाशी, जोडल्यावर दिसणारच नाही अशा जागी, पटाशीच्या टोकानं मारलेली एक आडवी रेघ. मग पायाच्या खाचेच्या आतल्या कडेला तशीच एक रेघ. दुसऱ्या जोडीवर दोन रेघा, दोन रेघा. तिसरीवर तीन. चौथीवर फुली. एक खिळा नाही, स्क्रू नाही. कुसू खाचेत, आणि आरपार एक लाकडी मेख. अर्ध्या तासात पलंग उभा राहिला आणि काकांनी त्यावर हाताचा जोर देऊन पाहिला. कुरकुर नाही.

मला त्या रेघा बघून फार वेळ काही सुचलं नाही. ज्यानं हा पलंग केला त्याला तो करतानाच ठाऊक होतं की हा कधीतरी उकलला जाणार. एका घरातून दुसऱ्या घरात जाणार. जोडणारा माणूस आपल्याला ओळखणारा नसेल, आपण तिथे नसू, म्हणून त्यानं पुढच्या सुतारासाठी निरोप लिहून ठेवला होता. सुतारकाकांना तो निरोप वाचता आला.

जुन्या सामानाकडे आपण 'राहिलेलं' म्हणून बघतो. काळानं खाऊन उरलेलं, म्हणून मौल्यवान. पण सह्याद्रीच्या या बाजूला लाकूड नेहमी फिरतंच राहिलं आहे. पडलेल्या घराचा खांब भावाच्या नव्या घरात जायचा, गोठ्याची तुळई माजघरात यायची, माजघराचं दार चार पिढ्यांनी परत गोठ्याला लागायचं. वाडासुद्धा लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो, भिंती मधल्या भरावाच्या. म्हणून तर तो उकलता येतो. पुण्यात राजा केळकर संग्रहालयात जाऊन मस्तानी महाल पाहा. तो मूळचा कोथरूडचा, म्हणजे आमच्या पौडच्याच रस्त्यावरचा. दिनकर केळकरांनी तिथलं लाकूडकाम आणून संग्रहालयात पुन्हा उभं केलं. चष्म्याच्या दुकानावर संसार असलेला, 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दारं, खिडक्या, पेट्या गोळा करत राहिला. गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि 1962 मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. त्या काळी लोक ज्याला अडगळ म्हणून माळ्यावर टाकत होते त्यातल्या वापराच्या वस्तूंपुढे ते थांबले. स्वयंपाकघरातली झारी, सुपारी कातरायचा अडकित्ता, वेणीफणीची पेटी. राजेरजवाड्यांच्या तलवारी गोळा करणारे पुष्कळ असतात. बाईच्या हातातला अडकित्ता गोळा करायला वेगळी नजर लागते, आणि ती नजर मला फार मोठी वाटते.

तरी संग्रहालय आणि घर यांत फरक आहे, आणि तो विसरला की घर बिघडतं. पिरंगुटच्या पुढे आता डोंगरउतारावर बंगलेच बंगले झाले आहेत. त्यातल्या काहींमध्ये जाणं होतं. दिवाणखान्यात वाड्याचा सुरूदार खांब उभा असतो, छताला टेकलेला, पण त्याच्या डोक्यावर भार नसतो. स्लॅब आपली आपण उभी असते. बैलगाडीचं चाक काच ठेवून टेबल झालेलं असतं. जातं बागेत कारंज्याखाली. देव्हाऱ्यात दारूच्या बाटल्या ठेवलेल्याही मी पाहिल्या आहेत आणि तिथून उठून आले. खांबाचं मला सगळ्यात वाईट वाटतं. शंभर वर्षं मजला तोलून धरलेल्या लाकडाला नुसतं उभं करून ठेवायचं, हे त्याच्या अंगाला शोभत नाही. शिवाय असा प्रत्येक खांब सांगतो की कुठेतरी एक वाडा पडला. पडणाऱ्या वाड्याचं लाकूड जळणात जाण्यापेक्षा बंगल्यात गेलं हे बरंच. पण बंगल्यांना खांब हवे आहेत म्हणून वाडे लवकर पडू लागले तर ते बरं नाही.

म्हणून वस्तू निवडताना मी पहिल्यांदा विचारते, हिला काम काय देणार? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गेलं की मोह पडतो. पितळी डबे, लामणदिवे, ग्रामोफोनचे कर्णे, आरसे. काम सापडलं नाही तर वस्तू तिथेच राहते. घडवंची मी आणली, कारण आमच्याकडे अजूनही माठ आणि हंडे असतात. फडताळाची जुनी जोडदारं आणली, कारण जाड भिंतीत कोनाडा होताच. शिसवीचा एक नक्षीदार सोफा फार आवडूनही सोडला. त्यावर कोणालाही पाठ टेकता आली नसती, आणि आमच्याकडे येणारा माणूस आधी ओसरीवर मांडी घालून बसतो. मराठी घराला खुर्च्या-सोफे तसे अलीकडचे. बैठक, लोड, तक्के, पाट, चौरंग, पलंग, झोपाळा, एवढ्यात घर मांडून होत असे, आणि उरलेली जागा माणसांना मिळत असे. ती मोकळी जागा हीसुद्धा जुन्या घराची मांडणीच आहे, हे लक्षात न ठेवता आपण खोली जुन्या वस्तूंनी भरत जातो. माझ्या मते जुनं घर बिघडवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

खरं-खोटं ओळखायला सुतारकाकांनी शिकवलं. वस्तू पुढून बघायचीच नाही. उलटी करायची. तळाची फळी हातकरवतीनं कापलेली असेल तर रेघा कमीजास्त अंतराच्या, पण सरळ जाणाऱ्या. गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. कातलेला पाय दोन बाजूंनी मोजायचा. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही, त्यामुळे खूप जुना गोल पाय किंचित लांबट झालेला असतो. झीज कुठे आहे ते पाहायचं. हात जिथे लागतो, पाऊल जिथे घासतं, तिथेच ती असायला हवी. सगळीकडे सारखी झीज कोणीतरी बसून केलेली असते. आणि वास घ्यायचा. वस्तू शंभर वर्षांची म्हणून सांगितली आणि ड्रॉवर उघडल्यावर ताज्या पॉलिशचा वास आला, तर आणखी दोन प्रश्न विचारावेत. मूर्ती, जुनं चित्र, पोथी असं काही समोर आलं तर मी हातच लावत नाही. शंभर वर्षांवरच्या मूर्ती-चित्रांना आणि पंचाहत्तर वर्षांवरच्या पोथ्यांना 1972 चा पुरावशेषांचा कायदा लागतो, आणि कायदा नसता तरी देवळातून उचललेली वस्तू घरात सुखानं राहिली नसती.

मुळशीत सगळ्यात मोठा परीक्षक पाऊस. ताम्हिणीकडून ढग आत शिरले की जून ते सप्टेंबर भिंतींना हात लावला तरी ओल लागते. दारं फुगतात, चादरींना वास येतो. नवं प्लायवूडचं कपाट पहिल्याच पावसात मागून फुगलं. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही. पण कडेचं फिकट लाकूड राहिलं असेल तर ती तिथून बरोबर शिरते. म्हणून सगळं सामान भिंतीपासून वीतभर पुढे, पायांखाली दगडी चिपा. लाखेचं पॉलिश दिसायला देखणं, पण आमच्या हवेत त्यावर पांढरट साय धरते, म्हणून मी बेलतेल लावते. दिवाळीआधी, कोरड्या दिवशी, जुन्या धोतराच्या फडक्यानं, पातळ हातानं. एक दिवस भिनू द्यायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं.

एका गोष्टीवर मी शेजारपाजारच्या हौशी लोकांशी वाद घालते. जुन्या तुळया आणल्या की लोक त्यांचा काळा थर खरवडून काढतात. लाकडाचा मूळ रंग दिसावा म्हणून. तो थर म्हणजे कित्येक वर्षांच्या चुलीचा धूर. त्या धुरानंच भुंग्याला दूर ठेवलं. आमच्या दोन तुळया काळ्याच आहेत. त्यांना मी फक्त कोरडं फडकं लावते.

त्यातल्याच एका तुळईला माहेरचा झोपाळा टांगला आहे. टांगण्याआधी काकांनी शिडीवर चढून तुळईवर मागून-पुढून हातोडीचा दांडा वाजवला, कान लावला, आणि 'ठणठणीत आहे' म्हणाले. पितळी कड्या शनिवार पेठेतल्या, तुळई तळ्याखालच्या गावातली. बसणाऱ्याला हे माहीत असण्याचं काही कारण नाही. दुपारी त्यावर लसूण सोलला जातो, पोरं अभ्यास करतात, कोणी पाहुणा आडवा होतो.

पलंगाचं मात्र एवढं सरळ झालं नाही. माझ्या आजोबांनी तो त्याच पेठेतल्या एका सावकाराच्या घरून विकत घेतला होता. मी ही हकीकत सहज बोलून गेले, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गप्प झाल्या. मुळशी खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, गहाण किंवा थेट त्यांच्या नावावर. कसणाऱ्याला जमीन हवी होती, कागदवाल्याला मोबदला चालत होता. सत्याग्रह मोडण्यात या फरकाचा मोठा वाटा आहे. आमच्या घरात हे पुस्तकातून आलेलं नाही, आजेसासऱ्यांच्या तोंडून आलेलं आहे. हा सावकार तो नव्हे, हे मी सांगू शकले असते. पण मला ते माहीत नव्हतं, आणि आत्याबाईंचा प्रश्नही तो नव्हता. त्यांच्या लहानपणी घरात पलंग नव्हता. बाज होती, घोंगडी होती. पलंग ज्यांच्याकडे असायचा त्यांच्या उंबऱ्याबाहेर यांची माणसं उभी राहायची. जुन्या वस्तूंच्या गोडव्यात आपण हे सोयीनं वगळतो. वाड्यातल्या शिसवीला जी चकाकी आहे ती कोणाच्या हातांनी, कोणाच्या शेतावर आली, हे वस्तू विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मला वाटतं, विचारावं. उत्तर ऐकून वस्तू टाकून द्यावी असं नाही, पण उत्तर घरात असू द्यावं.

आत्याबाई महिनोन्महिने त्या पलंगावर टेकल्या नाहीत. वाळलेल्या कपड्यांची घडीसुद्धा त्यावर ठेवत नसत. पुढच्या वर्षी एक मेख सैल झाली म्हणून काकांनी तो पुन्हा उकलला, तेव्हा त्या शेजारी बसल्या होत्या. काकांनी त्यांनाही त्या रेघा दाखवल्या. त्यांनी रेघेवर नख फिरवलं, दुसरीवर फिरवलं, आणि म्हणाल्या, "आगं, मंग ह्यो सावकाराचा कसा? सावकारानं का रंधा मारला? सुताराचाच ह्यो." त्या दिवसापासून त्यांची दुपारची डुलकी तिथे असते. त्यांना गादी लागत नाही. नवारीवर एक गोधडी पुरते.

आता प्रश्न माझ्या मुलाचा आहे. हिंजवडीत त्यानं फ्लॅट घेतला आहे, पुढच्या वर्षी लग्न आहे. काय नेशील म्हटलं तर त्यानं बंब नाही म्हणून सांगितलं, आणि ते बरोबर आहे. सातव्या मजल्यावर लाकडं पेटवणार कुठे? तांबट आळीत ठोकून झालेलं ते भांडं इथेच राहील, पावसाळ्यात वीज गेली की आम्हाला गरम पाणी देत. झोपाळ्यालाही तुळई नाही. पलंग मात्र तो मागतो आहे. आजीला विचारलंस का, म्हटलं. विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, मला बाज विणून दे आणि ने.

बाज विणणारा माणूस शोधायला आता माले, शेरे, पौड असं फिरावं लागणार आहे. मुलगा लिफ्ट मोजून आला. पाय आणि छपराच्या दांड्या मावतात, लांब पट्ट्या जिन्यानं वर चढवाव्या लागतील. काका म्हणाले, आत्ता हात लावायचा नाही, पावसात कुसू फुगलेले असतात, ओढलं तर फाटतील. दसऱ्यानंतर चार कडक उन्हं पडू देत. आणि या वेळी उकलताना चौथी जोडी जरा जपा, तिथली फुली पुसट झाली आहे, ती पटाशीनं पुन्हा मारून घेतो.